वासंतिक वमन : सोरायसिसच्या एका रुग्णाचा अनुभव

सोरायसिस असलेल्या माणसाला आयुर्वेदाविषयीचा सल्ला मागावा लागत नाही. लग्नाच्या पंगतीत किंवा कार्यालयातल्या चहाच्या वेळी कोपरावरचे पांढरट खवले कोणाच्या तरी नजरेस पडतात आणि लगेच एखाद्या वैद्यांचे नाव, एखादे तेल किंवा एखाद्या गावचे औषध सुचवले जाते. हे सुचवणारे बहुतेक जण ‘मुळापासून बरे होते’ असे छातीठोकपणे सांगतात. मी अनेक वर्षे हे ऐकून घेतले आणि त्वचारोगतज्ज्ञांचेच उपचार घेत राहिलो. नेहमीसाठी मलमे, डोक्यासाठी डांबरयुक्त शाम्पू आणि जोर वाढला की अतिनील किरणांचे उपचार असा तो क्रम होता. त्यांचा उपयोग होत असे, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र मी एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतो आणि दरवर्षी थंडीत डोके वर काढणारा हा आजार मार्चअखेरच्या जागरणांत पाठीपर्यंत पसरत असे. एका वर्षी तो इतका वाढला की डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट या पोटातून घ्यायच्या अधिक जोरकस औषधाच्या गोळ्यांचा विषय काढला. त्या गोळ्यांना माझा विरोध नव्हता, तरी त्या सुरू करण्याआधी पंचकर्म, म्हणजे आयुर्वेदातील शरीरशुद्धीचे उपचार, करून पाहावे असे मनात आले आणि मी ते डॉक्टरांना सरळ विचारले.

त्यांनी हरकत घेतली नाही, पण अटी घातल्या. चालू असलेली मलमे कोणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करायची नाहीत, स्टेरॉइड असू शकेल असे कोणतेही बेनाव औषध घ्यायचे नाही, आणि आधी व नंतर यकृताची तपासणी करायची. पोटातून घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबले तर सोरायसिस उलटून सर्वांगावर पसरू शकतो, तेव्हा दुसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे, असे त्यांनी बजावले. माझ्या अंगावरील चट्ट्यांचे मोजमापही त्यांनी त्याच दिवशी करून ठेवले. त्वचेचा किती भाग व्यापला आहे, लाली, जाडी आणि खवले किती आहेत, यांवरून शून्य ते ७२ असा एक गुणांक काढतात. तो आधी लिहून ठेवला नाही तर नंतरच्या ‘बरे वाटते’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

मी पुण्यातील एका आयुर्वेद महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात गेलो. तेथील वैद्यबाईंनी पहिल्या भेटीत जेवढे प्रश्न विचारले तेवढे त्याआधी मला कोणीही विचारले नव्हते. भूक केव्हा लागते, शौचाला साफ होते का, झोप मोडते का, घाम कोठे येतो, राग आल्यावर पोटात काय होते, येथपासून रविवारच्या जेवणात काय असते येथपर्यंत चौकशी झाली. आमच्या घरी शिकरण आणि पोळी हा सुटीच्या दिवसाचा ठरलेला बेत आहे. केळे आणि दूध एकत्र करणे आयुर्वेदाच्या दृष्टीने विरुद्ध आहार ठरतो आणि त्वचेच्या विकारांत तो आधी बंद करतात, असे त्या म्हणाल्या. रात्रीचे दही, दूध घातलेले फळांचे सॅलड आणि दिवसाची झोप यांनाही त्याच यादीत जागा मिळाली. शिकरणीने सोरायसिस होतो असे मी आजही मानत नाही. तरीही त्या चौकशीचा एक फायदा झाला, तो असा की, माझे खाणे-झोपणे किती वेळी-अवेळी चालले आहे हे मला प्रथमच सलगपणे दुसऱ्यापुढे मांडावे लागले.

वसंत ऋतूत कफ पातळ होऊन वाढतो आणि त्या काळात वमन (औषधाने उलट्या करवणे) दिले असता तो सुलभतेने बाहेर काढता येतो, अशी आयुर्वेदाची उपपत्ती आहे. महाराष्ट्रातील अनेक आयुर्वेद रुग्णालये या सुमारास वासंतिक वमनाची शिबिरे भरवतात ती याच आधारावर. माझ्यापुढे अडचण अशी होती की, वसंताची सुरुवात आणि हिशेबाचे वर्ष संपण्याची घाई एकाच वेळी येते. वैद्यबाईंना उन्हाळा कडक होण्याआधी वमन करून घ्यायचे होते आणि मला ३१ मार्चपूर्वी एका दिवसाचीही रजा मिळणे शक्य नव्हते. अखेरीस एप्रिलचा पहिला आठवडा ठरला. त्याआधी रक्तदाब, हृदयाचा आलेख, रक्तातील साखर, चरबी आणि यकृताच्या तपासण्या झाल्या. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, जठरातील व्रण, गर्भारपण किंवा फार अशक्तपणा असेल तर वमन देत नाहीत. उलट्यांमुळे शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, रक्तदाब वरखाली होतो, आणि हे सर्व सोसण्याची ताकद असल्याची खात्री आधी करून घ्यावी लागते. चौकशी आणि तपासण्या न करता ‘डिटॉक्स’ म्हणून कोणी वमन देऊ करत असेल तर तेथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिले काही दिवस सुंठ आणि हिंगाष्टकासारखी पाचक औषधे घेण्यात गेले. त्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. भूक वाढली एवढेच. खरी परीक्षा स्नेहपानाने, म्हणजे औषधी तूप पिण्याने, सुरू झाली. कडुनिंब, कडू पडवळ, रिंगणी, गुळवेल आणि अडुळसा या पाच कडू वनस्पतींनी सिद्ध केलेले पंचतिक्त घृत रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायचे होते. पहिल्या दिवशी ३० मिली, मग ६०, मग ९० अशी मात्रा चढत जाते आणि शरीर पुरेसे स्निग्ध झाल्याची लक्षणे दिसेपर्यंत, परंतु सात दिवसांपलीकडे नाही, ते चालू राहते. तूप या शब्दाने माणसाच्या डोळ्यांपुढे पुरणपोळी येते. हे तूप हिरवट रंगाचे, उग्र वासाचे आणि कडू असते. नाक दाबून ते एका दमात प्यायचे, वर गरम पाणी घ्यायचे आणि खरी भूक लागेपर्यंत काहीही खायचे नाही, असा नियम होता. पहिल्या दिवशी दुपारी लवकर भूक लागली; पुढे मात्रा वाढली तशी भूक संध्याकाळवर गेली. तुपाचा वास नसलेला शुद्ध ढेकर आला, अंग हलके वाटले आणि तहान-भूक दोन्ही लागली की तूप पचले असे समजायचे. मग मऊ भात आणि मुगाचे वरण एवढेच खायचे.

त्या दिवसांत मी घरीच होतो, पण ती रजा म्हणता येणार नाही. गरम पाणीच प्यायचे, पंख्याखाली बसायचे नाही, दुपारी झोपायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, वाद घालायचे नाहीत. एप्रिलमधील पुण्यात पंख्याविना राहणे म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. दुपारचे काही तास मळमळीत आणि एका प्रकारच्या मंदपणात जात. भ्रमणध्वनीकडे पाहिले तरी डोके जड होई, म्हणून तो आपोआप बाजूला पडला. शेवटच्या दिवसांत तुपाचा नुसता वास आला तरी शिसारी येऊ लागली, त्वचा हाताला मऊ लागू लागली आणि शौचातून तूप दिसू लागले. शिसारी हेसुद्धा स्नेहन पूर्ण झाल्याचे एक लक्षण आहे, असे शिकाऊ वैद्य असलेल्या मुलीने मला आनंदाने सांगितले. चट्ट्यांवरचे खवले या टप्प्यावरच बरेच सैल झाले होते, आणि ते ओलाव्यामुळे आणि स्निग्धतेमुळे झाले असणार, वमनामुळे नव्हे, हे मी टिपून ठेवले.

स्नेहपानानंतरचा दिवस विश्रांतीचा असतो. त्या दिवशी रुग्णालयात दाखल झालो. सकाळी अंगाला तेल लावून वाफ दिली. तेल लावणाऱ्या मामांना वैद्यबाईंनी हात अगदी हलका ठेवायला सांगितला, कारण सोरायसिसमध्ये त्वचेला जिथे घर्षण किंवा इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. ही गोष्ट आधुनिक त्वचारोगशास्त्रात सुपरिचित आहे आणि आयुर्वेद रुग्णालयात ती कोणी पाळलेली पाहून मला बरे वाटले. संध्याकाळच्या जेवणाचा बेत मात्र थक्क करणारा होता. इतके दिवस मूग-भातावर ठेवलेल्या माणसापुढे उडदाचे वडे, दहीभात आणि गोड खीर असे ताट आले. दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचा कफ आधी मुद्दाम वाढवायचा, यासाठी हा खटाटोप असतो. शेजारच्या खाटेवरचे दम्याचे एक रुग्ण ते ताट पाहून म्हणाले, “अहो, उद्या परत द्यायचंय हे सगळं, जपून खा.”

वमन पहाटेनंतर, कफाच्या वेळी, म्हणजे सकाळी सहा-सातच्या सुमारास करतात. पुन्हा तेल आणि वाफ झाली, रक्तदाब आणि नाडी पाहून नोंदवली गेली आणि गुडघ्याइतक्या उंचीच्या खुर्चीवर, समोर मोठे पातेले ठेवून, मला बसवले. आधी गरम दूध घशापर्यंत पाजण्यात आले. ‘आकंठ’ हे विशेषण तेथे अगदी शब्दशः खरे होते. मग गेळफळ, वेखंड, सैंधव आणि मध यांचे चाटण दिले आणि वाट पाहायला सांगितले. ही वाट एका मुहूर्तापर्यंत, म्हणजे ४८ मिनिटांपर्यंत पाहायची असते आणि त्या काळात शरीरावर उमटणाऱ्या चिन्हांचा अर्थ ठरलेला असतो. कपाळावर घाम आला म्हणजे दोष पातळ झाले, अंगावर काटा आला म्हणजे ते जागचे हलले, पोट फुगले म्हणजे ते आमाशयात आले आणि तोंडाला पाणी सुटून मळमळ झाली म्हणजे ते वर निघाले. शिकाऊ वैद्य ही चिन्हे मोठ्याने म्हणत आणि वहीत वेळ लिहीत होती. मला घाम आला, काटा आला, आणि त्या क्रमानेच पुढचे सारे झाले. गेळफळातील सॅपोनिन जठराच्या अस्तराला चेतवतात आणि उलटीची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू करतात, असे त्याचे आधुनिक स्पष्टीकरण देता येते. घाम, काटा आणि लाळ ही स्वायत्त मज्जासंस्थेची नेहमीची लक्षणे आहेत. तरी ज्यांनी ही साखळी कित्येक शतकांपूर्वी इतक्या नेमकेपणाने टिपली, त्यांच्या निरीक्षणाला दाद द्यावी लागते.

उलट्या सुरू झाल्यावर एक मावशी कपाळ धरून उभ्या होत्या आणि मामा पाठीवर खालून वर हात फिरवत होते. प्रत्येक उमाळ्यानंतर ज्येष्ठमधाचा कोमट फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेले पाणी) पेल्यामागून पेला पाजला जात होता आणि आत किती गेले, बाहेर किती आले याचे मोजमाप चालू होते. पोटातून जोराने येणाऱ्या प्रत्येक मोठ्या उमाळ्याला ‘वेग’ म्हणतात. आठ वेग झाले तर उत्तम शुद्धी, सहा झाले तर मध्यम आणि चार झाले तर कमी, अशी प्रतवारी आहे. माझी मध्यम ठरली. आधी दूध, मग चिकट पांढरा स्राव आणि शेवटी पिवळे, कडू पित्त दिसले की थांबायचे असते. आजारपणातल्या उलटीत जी घाबरगुंडी उडते ती येथे नव्हती, कारण काय होणार आहे हे ठाऊक होते आणि चार माणसे जवळ होती. तथापि ते सुखकर होते असे लिहिणे खोटेपणाचे होईल. डोळ्यांतून पाणी येत होते, घसा सोलवटला होता आणि मधल्या एका टप्प्यावर आता पुरे असे मी हाताने खुणावलेही. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि आणखी दोन पेले प्यायला लावले. शेवटी हळदीच्या वर्तीचा औषधी धूर नाकातोंडाने घ्यायला दिला आणि मला खाटेवर नेले. त्यानंतर काही तास अंग पिसासारखे हलके आणि पाय मात्र लटपटणारे, अशी विचित्र अवस्था होती.

वमनाबद्दल बोलताना लोक या सकाळविषयीच विचारतात. माझ्या मते त्यानंतरचा संसर्जन क्रम, म्हणजे पायरीपायरीने नेहमीच्या जेवणावर येणे, अधिक महत्त्वाचा आणि अधिक कठीण आहे. मंदावलेला अग्नी हळूहळू वाढवायचा म्हणून आधी भाताची पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग मीठ-तूप नसलेले मुगाचे कढण आणि नंतर तूप, मीठ, सुंठ घातलेले कढण, असे टप्पे असतात. उत्तम शुद्धीला हा क्रम सात दिवस, मध्यमला पाच आणि कमीला तीन दिवस चालतो. त्या वर्षी गुढीपाडवा नेमका याच दिवसांत आला. घरात श्रीखंडाचा वास दरवळत होता आणि माझ्यापुढे पेजेची वाटी होती. सणाच्या ताटातली फक्त कडुनिंबाची चटणी मला चाखता आली, तीही गूळ वगळून. या उपासमारीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. बिनमिठाच्या मुगाच्या कढणाला स्वतःची एक चव असते हे कळले आणि पुढे कित्येक आठवडे बाहेरचे वडापाव-मिसळ मला खारट लागत राहिले. पूर्वकर्मापासून, म्हणजे वमनाआधीच्या तयारीपासून, येथपर्यंतचा सारा काळ मोजला तर वमनाचा प्रत्यक्ष वेळ त्यात अगदी अल्प होता. बाकीचा सारा काळ वेळेवर जेवण्याचा, वेळेवर झोपण्याचा आणि शांत राहण्याचा होता.

या शांत राहण्याला रुग्णालयाच्या स्वस्थवृत्त विभागाने एक रीतसर रूप दिले होते. तेथील योगशिक्षक लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेले होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या त्या संस्थेत आसन-प्राणायामाचे परिणाम उपकरणांनी मोजण्याची परंपरा आहे आणि या शिक्षकांनाही मोजण्याची आवड होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही न सांगता माझे श्वास मोजले. मग दीर्घ श्वसन, भ्रामरी आणि शवासन एवढेच शिकवले. वमनाच्या दिवसांत याहून अधिक काही करू दिले नाही. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणायचा, असे उद्दिष्ट होते. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका प्रयोगाचा दाखला त्यांनी दिला. त्यात २३ निरोगी लोकांना लॅटिन भाषेतील ‘आवे मारिया’ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावले होते. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. कोणत्या देवाचे नाव घेता याने फरक पडत नाही, लय महत्त्वाची, असे ते हसत म्हणाले. मी देवभोळा नाही, त्यामुळे मला हे सोयीचे वाटले.

सोरायसिस आणि मन यांचा संबंध मला आधीच अनुभवाने ठाऊक होता. नंतर माझ्या त्वचारोगतज्ज्ञांनीच सांगितले की, जॉन कबाट-झिन या अमेरिकी संशोधकाने अतिनील किरणांचे उपचार घेणाऱ्या ३७ सोरायसिस रुग्णांवर केलेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. किरणांच्या पेटीत उभे असताना ज्यांनी ध्यानाच्या सूचना ऐकल्या त्यांची त्वचा इतरांपेक्षा लवकर स्वच्छ झाली. अभ्यास लहान आहे आणि त्यात ध्यान हे औषधाच्या जागी नव्हते, औषधासोबत होते. मला या बाबीचे महत्त्व अधिक वाटते, कारण प्राणायामाचे पुष्कळसे प्रचारक ही ‘सोबत’ गाळून बोलतात.

औषधांच्या बाबतीत मी थोडा चिवटपणा केला. संसर्जनानंतर पोटातून घ्यायची औषधे लिहून देताना वैद्यबाईंनी एक रसौषधी, म्हणजे पारा किंवा धातूंची भस्मे असलेले औषध, सुचवली, तेव्हा मी पाऱ्याविषयी विचारले. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते, हे मी वाचले होते. रीतीप्रमाणे शोधन-मारण (शुद्ध करणे आणि भाजून भस्म करणे) केलेले भस्म आणि निष्काळजीपणे बनवलेली गोळी यांत फरक आहे, असे त्यांनी समजावले. पण वाद न घालता त्यांनी फक्त वनस्पतींची औषधे दिली. गुळवेलीबद्दलही मी सावध होतो. २०२१ मध्ये मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता. माझ्या तुपात गुळवेल होतीच, तेव्हा यकृताची तपासणी ठरल्याप्रमाणे पुन्हा केली. ती व्यवस्थित आली.

आता परिणामाविषयी. वमनानंतर काही आठवड्यांनी त्वचारोगतज्ज्ञांनी काढलेला गुणांक आधीच्या जवळपास निम्म्यावर आला होता. पाठीवरचे चट्टे पातळ झाले, रात्रीची खाज जवळजवळ थांबली आणि मलम कमी लागू लागले. कोपर आणि डोके यांच्यात फारसा बदल झाला नाही. या सुधारणेचे श्रेय वाटून द्यायचे झाले तर मी अडचणीत येतो, कारण मलमे चालू होती, मार्च संपला होता, थंडी गेली होती, झोप पूर्ण होत होती, वजन थोडे उतरले होते आणि उन्हाळ्यात माझा आजार तसाही नरमतो. यांतले कोणते किती, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही. ‘मुळापासून बरे’ हे शब्द मी या आजाराबाबत वापरणार नाही. पुढच्या हिवाळ्यात चट्टे परत आले. त्या वेळी ते पूर्वीइतके पसरले नाहीत आणि मेथोट्रेक्सेटचा निर्णय दोन्ही बाजूंच्या संमतीने पुढे ढकलला गेला.

वैद्यबाईंच्या मते माझ्या बाबतीत दरवर्षी वमनाची गरज नाही. येत्या शरद ऋतूत विरेचन द्यावे, असे त्यांनी सुचवले आहे. त्यात उलट्यांऐवजी जुलाबाचे औषध असते आणि पित्ताचा विचार प्रमुख असतो. पण स्नेहपान आणि संसर्जन यांतून सुटका नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी त्यासाठी पुन्हा त्याच अटी घातल्या आहेत. रजेचा अर्ज मी ऑक्टोबरसाठी दिला आहे, हिशेब विभागात तो महिना त्या मानाने मोकळा असतो.